परातीतला वाफसा

पणदऱ्याच्या शिवारात पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे आधी पाट येतो. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असं पूर्वेकडे सरकत गेलेल्या त्या पाण्यानं या पट्ट्यातली पिकं बदलून टाकली. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या मुलखात ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथं कारखान्यांची धुराडी दिसू लागली. नीरा–बारामती रस्त्यावरच्या पणदरे गावात शेतीची गोष्ट एकरांत आणि टनांत होते. आता याच भागातल्या घरांच्या ओसरीवर, जिन्यात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत मावणाऱ्या एका पिकाकडे लक्ष द्यायला हवं. त्याची उंची चार बोटं, त्याचं आयुष्य आठ-पंधरा दिवसांचं आणि त्याला रोज लागणारं पाणी पेलाभर. शहरी हॉटेलांत ते मायक्रोग्रीन्स या नावानं ताटात येतं.

हे पीक म्हणजे नेमकं काय, हे मोडांशी ताडून पाहिलं की चटकन कळतं. मेथी भिजवून फडक्यात बांधली की दोन दिवसांत मोड येतात. ते अंधारात, दमट उबेत वाढतात आणि दाणा, मूळ, अंकुर सगळं पोटात जातं. तोच दाणा माती किंवा कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पसरला, उजेडात ठेवला आणि त्याची पहिली दोन पानं पूर्ण उघडू दिली, की मुळं खाली सोडून वरचा देठ आणि पानं तेवढी कात्रीनं कापायची. हे झालं मायक्रोग्रीन. आणखी तीन-चार आठवडे थांबलं तर तीच नेहमीची पालेभाजी. कॅलिफोर्नियातल्या आचाऱ्यांनी १९८०-९० च्या दशकांत अशी कोवळी पानं ताटाच्या सजावटीसाठी वापरायला सुरुवात केली आणि तिथून हा प्रकार जगभर गेला. इंग्लंडमध्ये मात्र त्याच्याही कितीतरी आधीपासून घरोघरी मोहरी आणि अळीव ओल्या कापडावर उगवून सँडविचमध्ये घालत असत. आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवात जाणारा अळीव तो हाच.

कोवळं खाण्याची रीत बारामती-इंदापूरच्या जिरायती भागालाही नवी नाही. रब्बीत करडई दाट उगवली की विरळणी करतात. उपटलेली कोवळी रोपं बांधावर टाकून न देता त्यांची भाजी होते. हरभऱ्याचे शेंडे खुडून आणायचे, ताजे परतायचे आणि उरलेले सावलीत वाळवून डब्यात भरायचे, हे आजही चालतं. खुडल्यामुळे झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणजे भाजीही मिळते आणि घाटेही. मुंबईत वाळूत वाढवलेली, बोटभर उंचीची, मुळासकट जुड्या बांधून विकली जाणारी समुद्रमेथी तर मायक्रोग्रीनच्या अगदी जवळची. २०१२ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत दूधवाल्या शेतकऱ्यांनी बांबूच्या मांडवात ट्रे रचून मक्याचा हायड्रोपोनिक चारा केला, तेव्हा भिजवणं, गोणपाटात मोड आणणं, ट्रेमध्ये पसरणं, आठव्या दिवशी उचलणं ही सगळी साखळी गावानं हातानं करून पाहिलेली आहे.

पण या साऱ्यांत सगळ्यात शिकण्यासारखा आहे तो नवरात्रातला घट. आश्विन शुद्ध प्रतिपदेला शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरतात, तीत धान्य पेरतात आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात. घट कच्च्या अंगाचा असतो. पाणी त्यातून थेंबाथेंबानं पाझरतं आणि माती नऊ दिवस सारखी ओलसर राहते. वरून बदाबद पाणी ओतायची गरज पडत नाही. देवघरात उजेड कमी, म्हणून धान पिवळसर आणि लांबट वाढतं. हरितद्रव्य तयार व्हायला प्रकाश लागतो, तो नसला की रोप सगळी ताकद उंच होण्यात घालवतं. दसऱ्याला टोपीत खोवलेला तो पिवळा तुरा पाहिला की अंधार रोपाला काय करतो ते समजतं. घरच्या ट्रेसाठी ओलावा घटासारखा हवा, पण तिसऱ्या दिवसानंतर जागा देवघराऐवजी खिडकीची हवी.

घटातलं धान मात्र खाण्यासाठी नव्हे. त्यात बहुधा ज्वारी असते आणि कोवळ्या ज्वारीत सायनाइड निर्माण करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी जनावराला बाधते, हे ज्यांच्या दारात गोठा आहे त्यांना सांगावं लागत नाही. माणसानंही ज्वारीचे अंकुर कच्चे खाऊ नयेत. राजमा आणि वालाचे कोंबही कच्चे खायचे नाहीत. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या कुळातली रोपंही ट्रेमध्ये घ्यायची नाहीत.

मग घ्यायचं काय? सुरुवात मुळा, मोहरी आणि मेथीपासून करावी. मुळा सहा ते आठ दिवसांत कापायला येतो, मोहरी आठवडा-दहा दिवसांत, मेथी आठ ते बारा दिवसांत. अळीवही आठवडाभरात तयार. वाटाण्याचे कोंब दोन आठवड्यांच्या आत मिळतात आणि त्यांना मटाराचीच गोडसर चव असते. राजगिरा आणि लाल माठ नाजूक, त्यांना दोन आठवडे लागतात. धणे सर्वांत आळशी, अडीच-तीन आठवडे घेतात. पण कोथिंबिरीचा तो कोवळा वास ज्याला मिळाला तो वाट पाहायला तयार होतो. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात, म्हणून पोळपाटावर लाटण्यानं हलकेच रगडून ते दोन भाग करून घ्यावेत. राजगिऱ्याच्या लाह्या उगवत नाहीत, कच्चा राजगिराच हवा.

बियाण्याच्या बाबतीत शेतकरी कुटुंबानं शहरातल्या माणसापेक्षा जास्त जपायला हवं. शहरातला माणूस बी किराणा दुकानातून आणतो. शेतकऱ्याच्या घरात मात्र पेरणीतून उरलेली पाकिटं असतात, आणि त्यातलं गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. शेतात ते पीक दोन-तीन महिने वाढतं; ट्रेमध्ये ते आठवड्यात ताटात येतं. असं बी कितीही धुतलं तरी वापरू नये, फुकट जातंय म्हणूनही नाही. किराणा मालातली साबूत मेथी, मोहरी, धणे चालतात, फक्त ती जुनी नसावीत. कृषी विभाग सोयाबीनसाठी दरवर्षी सांगतो तीच घरगुती चाचणी इथंही लावता येते: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर रांगेत मांडायचे, गुंडाळी करायची आणि किती उगवले ते मोजायचं. सोयाबीनला सत्तर उगवले तरी चालतं. ट्रेमध्ये मात्र नव्वदच्या घरात हवेत, कारण न उगवलेला प्रत्येक दाणा ओल्या गर्दीत कुजतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो.

भांडं कुठलंही चालतं. श्रीखंडाचा डबा, मिठाईचं पसरट खोकं, जुनी परात, रोपवाटिकेतला बिनकप्प्यांचा ट्रे. खोली दोन इंच पुरे आणि तळाला भोकं असली तर फार बरं. बारामतीच्या आसपास भाजीपाल्याच्या रोपवाटिका भरपूर असल्यानं कोकोपीट मिळवणं अवघड नाही. शेतातली काळी माती इथं कामाची नाही. ती पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि तिच्यातलं तण बियांसोबतच उगवतं. शेणखत तर मुळीच घालू नये. आठ दिवसांच्या रोपाला खत लागत नाही, त्याची शिदोरी दाण्यातच असते. आणि कच्च्या खायच्या पिकाखाली शेण ठेवणं म्हणजे पोटाच्या दुखण्याला बोलावणं.

कोकोपीट भिजवायचं, मुठीत दाबायचं. थेंब गळाला नाही आणि गोळा टिकला की ते तयार. शेतकऱ्याच्या भाषेत हा वाफसा. जमीन ओली आहे पण चिखल नाही, मुळाला पाणीही आहे आणि हवाही, ही स्थिती ज्याला डोळ्यांनी ओळखता येते त्याला मायक्रोग्रीन्सचं निम्मं शास्त्र आधीच येतं. या कोकोपीटचा इंचभर थर द्यायचा, तळहातानं सपाट करायचा आणि बी पसरायचं. दाणे एकमेकांना टेकलेले चालतात, एकावर एक चढलेले चालत नाहीत. वाटाणा, मेथी, धणे आदल्या रात्री भिजवून घ्यावेत. मोहरी आणि मुळा कोरडेच पसरले तरी चालतात. अळीव चुकूनही भिजवू नये. त्याचा बुळबुळीत लगदा होतो आणि दाणे सुटे करता येत नाहीत.

वरून माती घालायची नाही. फवारणीच्या बाटलीनं बी ओलं करायचं, दुसरा ट्रे किंवा ताट उपडं घालायचं आणि त्यावर थोडं वजन ठेवायचं. या वजनाला कारण आहे. झाकणाला वर ढकलताना मुळं खाली घट्ट रुततात, रोपं एका उंचीची येतात आणि बऱ्याच दाण्यांची टरफलं आपोआप सुटतात. दोन-तीन दिवसांत कोंबांनी ताट उचललं की ते काढून टाकायचं. पिवळी रोपं खिडकीत आली की काही तासांत हिरवी होऊ लागतात. सकाळचं कोवळं ऊन चांगलं. मार्च ते जूनच्या दुपारी मात्र ट्रे उन्हात राहिला तर संध्याकाळपर्यंत सगळं झोपलेलं असेल.

सगळ्यात जास्त ट्रे वाया जातात ते पाण्यानं, आणि तेही कमी नव्हे, जास्त झालेल्या पाण्यानं. पाटाच्या पट्ट्यात ही जाण जुनी आहे. कालवा आल्यावर काही दशकांतच नीरा खोऱ्यात जमिनी खारवट होऊ लागल्या होत्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निचरा नाही आणि पाणी मात्र भरपूर, असं झालं की खालचे क्षार वर येतात, ही त्या जमिनींची कहाणी. ट्रेमध्येही तसंच घडतं, फक्त वर्षांऐवजी दिवसांत. खाऱ्या बोअरचं पाणी रोज फवारलं की कोकोपीटवर पांढरी पुटं चढतात आणि पानांच्या कडा करपतात. पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरावं. रोप आठवड्यात कच्चं खायचं असल्यानं स्वच्छतेसाठीही तेच बरं. पावसाळ्यात साठवलेलं पागोळीचं पाणी क्षारांच्या दृष्टीनं उत्तम, पण पत्र्यावर पक्षी बसतात, म्हणून ते उकळूनच.

पानं उघडल्यावर वरून फवारणं बंद करावं. भोकं असलेला ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवला की कोकोपीट खालून हवं तेवढं ओढून घेतं, पानं आणि देठ कोरडे राहतात. हे रोज नाही, ट्रे उचलून हलका लागला तरच. देठ बुडाशी पाणीदार होऊन रोपं गटानं कोलमडली तर ती मर. असा भाग बोटभर जास्तीची कड धरून काढून टाकायचा आणि ट्रे पंख्याखाली ठेवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळांवर दिसणारी पांढरी लव पाहून मात्र पुष्कळ जण घाबरून ट्रे फेकतात. ती बहुतेकदा मुळांचे बारीक केस असतात. त्यावर पाणी फवारलं की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी तशी जात नाही. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवर पसरते आणि तिला कुबट वास येतो. बुरशीचा ट्रे धुऊन वाचवण्याच्या भानगडीत पडू नये.

कापणीची वेळ पानांवरून ठरते, कॅलेंडरवरून नाही. पहिली दोन दलं पूर्ण पसरली आणि त्यांच्या मधे खऱ्या पानाचा ठिपका डोकावला की पीक तयार. मोहरी आणि मुळा याहून थांबवले तर देठ राठ आणि तिखट होतात. वाटाणा थोडा थांबला तरी चालतो. कापायच्या आधी आठ-दहा तास पाणी देऊ नये. कापणी पहाटे किंवा सकाळी, ट्रे थंड असताना. धारदार, धुऊन पुसलेल्या कात्रीनं कोकोपीटच्या वर बोटभर अंतर सोडून मूठ-मूठ कापत जायचं. बोथट कात्रीनं देठ चेचतात, आणि जिथं चेचलं तिथून दुसऱ्याच दिवशी काळं पडायला लागतं.

साठवणीचा पहिला नियम घरातल्या बहुतेकांच्या सवयीविरुद्ध आहे: धुऊन ठेवू नका. भाजी आणली की निवडून, धुऊन, मग फ्रीजमध्ये, ही चांगली शिस्त इथं उलटी पडते. ही पानं इतकी पातळ असतात की धुताना ती दुखावतात, आणि त्यांच्यात अडकलेलं पाणी सडण्याला वाट देतं. धुवायची ती ताटात घेण्याआधी. डब्याच्या तळाला कोरडं सुती फडकं, त्यावर सैल पसरलेली पानं, वर पुन्हा फडकं आणि झाकण. फडकं ओलं लागलं की बदलायचं. फ्रीजमध्ये जागा खालच्या कप्प्याची. बर्फाच्या भिंतीला टेकलं की पानं गोठून काळी होतात. अमेरिकेत डायकॉन मुळ्याच्या मायक्रोग्रीन्सवर झालेल्या प्रयोगांत एक अंश सेल्सियसला त्या सर्वांत चांगल्या टिकल्या आणि साठवणीत सतत उजेड पडला तर लवकर खराब झाल्या. घरच्या फ्रीजमध्ये चार-पाच अंशांवर पाच ते सात दिवस धरून चालावं. इंदापूर पट्ट्यातल्या घरात फ्रीजमध्ये पिकलेली केळी किंवा पेरूही असतात. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची पानं त्यानं पिवळी पडतात. दोघांचे कप्पे वेगळे असावेत.

फ्रीज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर कापायचीच घाई नको. उभा ट्रे हीच सर्वांत चांगली साठवण. आज जेवढं लागेल तेवढंच कापायचं. ट्रेसाठी उन्हाळ्यात थंड जागा हवी असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. बाष्पीभवनानं आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच थंड राहते, आणि बारामतीच्या कोरड्या उन्हाळ्यात हे तंत्र कोकणापेक्षा कितीतरी चांगलं चालतं. कापलेली पानं मात्र त्यात एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नयेत, कारण आत दमटपणा असतो.

आरोग्याच्या बाबतीत दोन्ही बाजू स्पष्ट सांगायला हव्यात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आणि मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये २५ प्रकारच्या मायक्रोग्रीन्स तपासल्या. लाल कोबीत क जीवनसत्त्व, कोथिंबिरीत कॅरोटिनॉइड, लाल राजगिऱ्यात के आणि हिरव्या डायकॉन मुळ्यात ई जीवनसत्त्व सर्वांत जास्त आढळलं. मोठ्या पानांच्या छापील आकड्यांशी तुलना केल्यावर बहुतेक ठिकाणी कोवळी पानं वरचढ निघाली. यातूनच ‘चाळीस पट पोषण’ ही जाहिरात जन्मली. आकडे वजनाला वजन असे आहेत, आणि माणूस मेथीची जुडी खातो तशी मायक्रोग्रीन्सची जुडी खात नाही, चिमूटभर घेतो. मक्याच्या ट्रेतल्या चाऱ्याचंही हेच होतं. किलोभर दाण्याचा कित्येक किलो चारा होतो, पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. म्हणून ही पानं जेवणात वाढवावीत, पालेभाजीच्या जागी बसवू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांवर के जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, त्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्यावं.

दुसरी बाजू जंतूंची. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं ई. कोलायच्या संसर्गानं आजारी पडली आणि संशय मुळ्याच्या कोंबांवर गेला. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्याच साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली. तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला. दोन्ही प्रकरणं कोंबांची आणि मोडांची, कारण दमट उबेत जंतू झपाट्यानं वाढतात आणि दाण्यासकट सगळं खाल्लं जातं. मुळापासून वर कापलेल्या, हवेशीर जागी वाढलेल्या पानांना हा धोका कमी, पण बी तेच असल्यानं शून्य नाही. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं आणि उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण यांच्यासाठी ही पानं गरम पिठल्यात किंवा वरणात घालून एक उकळी द्यावी. चव थोडी जाईल, जाऊ द्यावी.

बाकीच्यांनी ती कच्चीच खावीत. बाजरीच्या भाकरीवर लोणी आणि मुळ्याची पानं, दह्यात मोहरीची पानं आणि कांदा, मटकीच्या उसळीवर वाढताना मेथीचा झुबका. आच लागली की मुळ्याचा झणका आणि मोहरीचा ठसका दोन्ही उडतात, म्हणून पानं नेहमी शेवटी. मेथी जशी इथल्या परातीत रुजते तशी ती अवकाशातही रुजली: २०२५ च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मेथी आणि मूग रुजवले. तो प्रयोग आपल्या सीमेपलीकडच्या धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या आणि आयआयटीतल्या संशोधकांनी आखला होता. जिथं पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजून वापरावा लागतो, तिथं त्यांनी निवडलं ते आपल्या फोडणीच्या डब्यातलं बी.

विक्रीचा विचार लगेच मनात येतो, कारण पुणे इथून शंभर किलोमीटरवर आहे. पण सहा दिवसांत मलूल होणारा माल थंड गाडीशिवाय तिथवर नेणं आणि रोज ठरलेलं गिऱ्हाईक सांभाळणं हा स्वतंत्र धंदा आहे. आधी वर्षभर घरच्या ताटासाठी पिकवावं, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहावेत, मग हिशेब मांडावा. चार माणसांच्या घराला तीन ट्रे पुरतात: दर तीन दिवसांनी एक पेरायचा, म्हणजे एक झाकलेला, एक खिडकीत आणि एक कात्रीखाली असा फेरा चालू राहतो. वाटाणा सर्वांत खालचं पान राखून कापला तर एकदा पुन्हा फुटतो. मुळा, मोहरी, मेथी फुटत नाहीत. कापून उरलेली मुळांची चटई उलटी करून कढीपत्त्याच्या बुंध्याशी किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी, ट्रे साबणानं घासून उन्हात वाळवावा आणि नव्या पेरणीला कोकोपीट नवंच घ्यावं.